चार नावांची आर्या

जुन्या पिढीला शाळेत एक आर्या पाठ असे. वामनपंडितांचा श्लोक, तुकोबांचा अभंग, ज्ञानदेवांची ओवी आणि मोरोपंतांची आर्या ही आपापल्या जातीत सर्वांत सरस, असा तिचा आशय. चार कवी, चार छंद, दोन ओळी. मराठीतल्या श्रेष्ठ कवींची यादी याहून आटोपशीर कोणी केलेली नाही.

आज या चौघांपैकी दोघेच घराघरांत उरले आहेत. वामनपंडित आणि मोरोपंत मराठीच्या पदवी वर्गाबाहेर फारसे कुणाला भेटत नाहीत, आणि वर्गातही विद्यार्थी त्यांना परीक्षेपुरतेच भेटतो. शे-सव्वाशे वर्षांत अर्धी यादी गळाली. पंतांची कविता काही बिघडली नव्हती. तिच्याकडे असलेलं काम संपलं होतं.

हे काम तिला नेमून दिलं ते शिक्षणखात्याने. 1854 साली परशुरामतात्या गोडबोल्यांचा 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेतल्या वेच्यांचा संग्रह निघाला आणि पुढे कित्येक दशकं मराठी कवितेची ओळख या एका पुस्तकातून होत राहिली. नव्या शाळांना मुलांचं व्याकरण पक्कं करायचं होतं. वृत्तं, अलंकार, समास शिकवायचे होते. त्यासाठी पंतांइतका सोयीचा कवी दुसरा नव्हता. अन्वय लावा, समास सोडवा, यमक दाखवा. एका आर्येतून परीक्षकाचे चार-पाच प्रश्न सहज निघतात. तुकोबांच्या अभंगावर असा प्रश्न काढून पाहा. अभंग कळतो किंवा अंगावर येतो, त्याचे गुण कसे द्यायचे?

पंतांवर अन्याय नको. ज्या माणसाने एकशे आठ रामायणं रचली, त्यांतलं एक तर ओठांना ओठ न लावता म्हणता यावं असं, त्याची भाषेवरची हुकमत वादातीत आहे. हरदासांनी त्यांची आर्या कीर्तनातून गावोगाव नेली होती, म्हणजे शाळेच्या आधीही त्यांना श्रोता होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची कड घेतली ती मनापासून. पण शाळेने पंतांना दिलेलं स्थान रसिकाने दिलेलं नव्हतं. संस्कृताशी नातं सांगणारी मराठी हीच शिष्ट मराठी, हा तेव्हाच्या शिकलेल्या वर्गाचा समज पंतांच्या कवितेत शोभून दिसत होता. त्या समजाचा जोर ओसरला तशी आर्याही मागे पडली.

तुकोबांची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. 1867 साली मुंबईत प्रार्थनासमाज निघाला. मूर्ती आणि कर्मकांड बाजूला ठेवून एकेश्वराची भक्ती करू पाहणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या मातीतला आधार हवा होता, तो तुकोबांत सापडला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक सर अलेक्झांडर ग्रांट यांनी इंग्रजी वाचकांसाठी तुकारामावर लेख लिहिला. सरकारने गाथेसाठी 24,000 रुपये मंजूर केले आणि 1869 मध्ये शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडू लागली. सुधारक, साहेब आणि सरकारी तिजोरी तिघंही एका वाण्याच्या अभंगांपाशी येऊन थांबली. प्रत्येकाला त्यांत आपापल्या उपयोगाचं काही दिसलं होतं.

पण या तिघांनी तुकोबांना मोठं केलं असं म्हणालो, तर देहूचा कुणी वारकरी मला हसेल, आणि त्याचं हसणं रास्त असेल. छापखान्याच्या कितीतरी आधीपासून वारीत एक मान्यता चालत आली आहे. तिला अनुदान लागलं नाही. एकनाथांनी 1584 साली, शके 1506 मध्ये, ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून प्रत शुद्ध केली आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घुसवू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. आजचा पाठचिकित्सक याहून वेगळं काय करतो? महिपतींनी 1762 मध्ये 'भक्तविजय' पुरा केला. त्यात चोखामेळा आहेत, गोरोबा कुंभार आहेत, सावता माळी आहेत. ती संतचरित्रं असली तरी संतकवी कोण, याची यादीही तिथेच ठरली, आणि ती 'नवनीता'हून किती रुंद आहे! इंग्रज आले आणि त्यांनी आपल्याला श्रेष्ठ-कनिष्ठ शिकवलं, हे अलीकडे फार सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

या दोन्ही याद्यांत नसलेल्यांकडे आता वळू. महानुभावांचं वाङ्मय मराठीतलं सर्वांत जुनं गद्य. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मूळ पोथी धाडीत गेली, मग ती शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी राहिली. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि शतकानुशतकं ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली, वि. ल. भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या पुढच्या आवृत्तीत महानुभावांना जागा दिली, आणि मराठी गद्याचा इतिहास एका झटक्यात काही शतकं मागे गेला. इतिहासकारांना जुनी मराठी हवी होती, म्हणून दार उघडलं. दार आतून लावलेलं होतं हेही विसरता येत नाही.

गोव्यात अडसर लिपीचाच होता, पण उलट बाजूने. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्ये रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, खिळे रोमन. गोव्याच्या आणि पुढे मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते म्हटलं, जपलं. 1907 साली मंगळूरलाच ते पुन्हा छापलं गेलं. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला रोमन अक्षरांतली ओवी आपली वाटावी कशी? शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती 1956 ची. छापील मराठीची जी सुरुवात आपण एकोणिसाव्या शतकात मानत आलो, तिच्या दोनशे वर्षं आधीचं हे पुस्तक अजूनही तळटीपेतच जास्त राहतं.

जी पुस्तकं नुसती गैरसोयीची होती, तीही दीर्घकाळ थांबली. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं आणि फुल्यांनी त्याची हकीकत पुढे 'गुलामगिरी'त नोंदवली. हे नाटक छापून निघालं 1979 मध्ये. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 चं, स. गं. मालशांनी ते पुन्हा लोकांपुढे आणलं 1975 मध्ये. ही दोन सालं जवळजवळ का यावीत? दलित आणि स्त्रियांच्या चळवळींना तेव्हा आपले पूर्वज हवे होते. सवाशे आणि नव्वद वर्षांनी का होईना, या पुस्तकांना काम मिळालं.

1885 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण पाठवलं तेव्हा फुल्यांनी ते नाकारलं होतं. आमचे आणि तुमचे ग्रंथ एकत्र नांदायचे नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. तो नकार मला भविष्यवाणीहून निदानासारखा वाटतो. रानड्यांनी लोकहितवादींच्या साथीने 1878 साली भरवलेल्या ग्रंथकारांच्या सभेपासून आजच्या संमेलनांची परंपरा मोजतात. तिथे स्त्री अध्यक्ष यायला 1961 उजाडावं लागलं: ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. दलित लेखकाला, शंकरराव खरातांना, तो मान 1984 मध्ये जळगावला मिळाला.

हल्ली कुणाला सरळ नाकारत नाहीत, वेगळं कपाट देतात. दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, स्त्रीवादी साहित्य, लोकसाहित्य. विशेषण न लावलेलं जे उरतं ते नुसतं 'साहित्य'. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला. मर्ढेकरांनंतर मराठी कवितेची भाषा इतकी मुळापासून कुणी हलवली असेल तर ढसाळांनी, असं माझं मत आहे. अभ्यासक्रमात मात्र त्यांचा पत्ता बहुधा दलित कवितेच्या घटकात सापडतो.

आणि आता सरकार पुन्हा कामाला लागलं आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जासाठी प्राचीन ग्रंथांचा पुरावा लागतो, म्हणून रंगनाथ पठारे समितीने आपली बाजू मांडताना हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'पर्यंत मागे जाऊन महाराष्ट्री प्राकृताशी मराठीची नाळ जोडली. स. आ. जोगळेकरांची गाथेची आवृत्ती 1956 पासून उपलब्ध होती. एवढी वर्षं ती थोड्या अभ्यासकांचं आणि काही चोखंदळ रसिकांचं पुस्तक होती. निकष बदलला आणि ती वंशावळीच्या पहिल्या पानावर गेली. मला यात आनंद आहे, कारण पुस्तक विलक्षण आहे. शेत, पाऊस, गोदाकाठ, सासू, दीर, परगावी गेलेला नवरा, आणि या सगळ्याविषयी न लाजता बोलणारी बाई. कितीतरी गाथा तिच्याच तोंडच्या आहेत.

ती बाई 'नवनीता'त भेटत नाही. जात्यावर भेटते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1952 मध्ये अत्र्यांनी पुढाकार घेतला म्हणून बहिणाबाई चौधरी त्या गर्दीतून एकट्या बाहेर येऊन कवयित्री झाल्या, तेही त्यांच्या मृत्यूनंतर. गाथेतली बाई आज मराठीच्या अभिजाततेचा पुरावा आहे. जात्यावरची बाई अजून लोकसाहित्याच्या पेपरात बसली आहे, तोही बहुतेक ठिकाणी ऐच्छिक.