हिरव्या रकान्यातलं ॲसिटोन

फायझरच्या केमिस्टांनी २००८ मध्ये 'ग्रीन केमिस्ट्री' या नियतकालिकात सॉल्व्हंट निवडण्यासाठी एक तक्ता छापला. रकाने तीनच: हिरवा, पिवळा, लाल. इथेनॉल, इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन हिरव्यात; टोल्यूइन, टीएचएफ पिवळ्यात; हेक्झेन, डीएमएफ, डायक्लोरोमिथेन लाल. लाल रकान्याला पर्यायही दिलेत: हेक्झेनऐवजी हेप्टेन, कॉलमला डायक्लोरोमिथेनऐवजी इथाइल ॲसिटेट आणि हेप्टेन.

तक्ता चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. हूडसमोर उभ्या माणसाला लांबलचक विश्लेषण वाचायला वेळ नसतो. इथे एका नजरेत उत्तर मिळतं. पण ते 'कोणतं' या प्रश्नाचं. 'किती' आणि 'नंतर कुठे' हे तक्ता विचारतच नाही.

ज्यांनी कॉलम चालवलाय त्यांना सांगायला नको. रिॲक्शनला १० मिलिलिटर सॉल्व्हंट, तिच्या कॉलमला सहज अर्धा लिटर, आणि मग काचसामान धुवायला ॲसिटोनची पिचकारी. ॲसिटोन हिरवं, मग वॉश बॉटल दाबणारा हात थांबेल कशाला!

२०१६ चा केम२१ गाइड जास्त बारकाईने केलेला आहे. सुरक्षितता, आरोग्य, पर्यावरण यांना वेगवेगळे गुण, उत्कलनबिंदूही हिशोबात. गंमत म्हणजे नुसत्या गुणांवर ॲसिटोन त्यात 'समस्याजनक' ठरतं, आणि तज्ज्ञांच्या चर्चेनंतर शिफारशीच्या यादीत जातं. पण तोही गाइड बघतो कपाटातल्या बाटलीकडे, वेस्टच्या कॅनकडे नाही.

निकाल तर कॅनपाशी लागतो. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि नेहमीच्या दाबाला पाण्याशी ॲझिओट्रोप करत नाही. त्यामुळे धुण्याचं ॲसिटोन वेगळं ठेवलं तर ऊर्ध्वपातनाने परत मिळतं, पुन्हा धुवायला पुरेसं शुद्ध. तेच हेक्झेनच्या कॅनमध्ये ओतलं की दोन्ही ५० अंशांच्या आसपास एकत्रच उकळतात, साध्या ऊर्ध्वपातनाने सुटी होत नाहीत. त्यात कुणी थोडं डायक्लोरोमिथेन ओतलं की अख्खा कॅन हॅलोजनयुक्त. तो जाळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होतं, ते धुऊन काढावं लागतं, खर्च वाढतो. हिरव्या रकान्यातलं ॲसिटोनही मग त्याच भट्टीत.

लॅबमध्ये सगळंच डिस्टिल करावं असं अर्थातच नाही. ईथर, टीएचएफमध्ये पेरॉक्साइड साचतात, आणि सेफ्टी ऑफिसला विचारल्याशिवाय कुठल्याच वेस्टला उष्णता देऊ नये. पण तक्त्याच्या पुढच्या आवृत्तीत मला चौथा रकाना हवाय: वापरून झाल्यावर कोणत्या कॅनमध्ये, आणि कशाबरोबर अजिबात नाही.