‘रोगप्रतिकारक’ : एका समासाची चिकित्सा

बटाट्याच्या आनुवंशिकीविषयी मराठीत जे लेखन होते त्यात ‘रोगप्रतिकारक वाण’ हा शब्दप्रयोग पावलोपावली आढळतो. समास म्हणून तो निर्दोष आहे. अर्थवाहक म्हणून मात्र तो सदोष आहे. ‘रोगाचा प्रतिकार करणारा’ असा विग्रह केला की कोणत्या रोगाचा, त्या रोगाच्या कोणत्या प्रभेदाचा, हे प्रश्न सहजच उभे राहतात. समास होताच विभक्ती व वचन या दोहोंचा लोप होतो आणि त्यांच्यासवे ते प्रश्नही लोपतात. उरते एक विशेषण. आणि विशेषण हे नामाच्या ठायी वसणारा गुण सांगते. प्रतिकार हा तांबूस सालीसारखा बटाट्याच्या ठायी वसणारा गुण नव्हे, तो वनस्पती व रोगकारक जीव या दोन पक्षांमधील संबंध आहे, ही गोष्ट या विषयाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात पुनःपुन्हा सिद्ध झाली आणि पुनःपुन्हा विस्मृतीत गेली. या विस्मृतीस परिभाषा कितपत कारणीभूत आहे, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

१८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली, हा इतिहास सुपरिचित आहे. रोगकारक जीवास आंतोन दे बारी यांनी १८७६ मध्ये ‘फायटॉफ्थोरा’, म्हणजे वनस्पतिसंहारक, हे नाव दिले. (दीर्घकाळ बुरशी म्हणून गणला गेलेला हा जीव खऱ्या बुरशींपेक्षा काही शैवालांना अधिक जवळचा आहे, हे पुढे दिसून आले, नाव व वर्गीकरण यांची गती नेहमीच एक नसते.) विसाव्या शतकाच्या आरंभी रेडक्लिफ सॅलमन यांना मेक्सिकन वन्य वंशाच्या बटाट्याची काही रोपे करप्यातून सुटलेली आढळली. त्यानंतर ‘सोलॅनम डेमिसम’ या वन्य जातीतून एकेक जनुक लागवडीच्या बटाट्यात आणण्यात आले. अशा जनुकांची संख्या पुढे अकरापर्यंत गेली.

या जनुकांच्या व रोगप्रभेदांच्या नामकरणाविषयी ब्लॅक, मास्टेनब्रोक, मिल्स व पीटरसन यांनी १९५३ मध्ये जो आंतरराष्ट्रीय प्रस्ताव मांडला तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे. वनस्पतीतील जनुकांना आर-१, आर-२ असे क्रम देण्यात आले. आणि रोगप्रभेदास नाव देण्यात आले ते तो ज्या जनुकांवर मात करतो त्यांच्या क्रमांकांनी. ‘प्रभेद १.४’ म्हणजे आर-१, आर-४ अथवा ती दोन्ही जनुके असलेल्या बटाट्यास ग्रासणारा. प्रभेदाचा रंग, आकार, उगमस्थान यांचा नावात मागमूसही नाही. ‘पळ’ व ‘फळ’ यांतील भेदामुळेच ‘प’ व ‘फ’ यांना मराठीत स्वतंत्र वर्णाचे स्थान लाभते. त्याच प्रकारे येथे प्रभेदाची ओळख केवळ विरोधसंबंधावर उभी आहे. चार जनुके घेतली की सोळा प्रभेद संभवतात, ते प्रत्यक्ष शेतात भेटोत वा न भेटोत. एका पक्षाचे नाव घेतल्यावाचून दुसऱ्याचे नाव घेताच येऊ नये, ही या पद्धतीची थोरवी होय.

परंतु त्याच प्रस्तावाच्या शीर्षकात या जनुकांचे कार्य ‘अबाधितता’ या अर्थाच्या शब्दाने निर्देशिले आहे. अंकांनी जे सापेक्ष ठरविले ते शब्दाने निरपेक्ष केले. हा केवळ शब्दच्छल नव्हे. आर-१, आर-२ व आर-३ ही तिन्ही जनुके धारण करणारा ‘पेंटलंड डेल’ हा वाण १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये प्रसृत झाला आणि १९६७ मध्ये करप्याने त्याला ग्रासले. त्यावर ‘वाणाचा प्रतिकार ढासळला’ असे म्हणण्याची रीत आहे. वास्तविक वाणात काहीच ढासळले नव्हते. जनुके होती तशीच होती. बदलला तो दुसरा पक्ष. ‘ढासळणे’ हे क्रियापद आपला कर्ता चुकीचा निवडते.

व्हान डर प्लांक यांनी १९६३ च्या ग्रंथात ‘उभा’ व ‘आडवा’ प्रतिकार असा भेद केला. काही प्रभेदांस रोखणारा व इतरांस न रोखणारा तो उभा. सर्व प्रभेदांस सारखाच मंद करणारा तो आडवा. ही नावे आलेखाच्या आकृतीवरून आली आहेत आणि आकृती समोर नसेल तर ती मुकी आहेत. मराठीत तर ती दिशाभूलच करतात. ‘उभा दावा’, ‘उभा जन्म’ यांतील ‘उभा’ संपूर्णतेचा भाव दाखवितो. सबब ‘उभा प्रतिकार’ हाच परिपूर्ण, असा विद्यार्थ्याचा ग्रह झाल्यास त्याला दोष देता येणार नाही. ‘प्रभेदविशिष्ट’ व ‘प्रभेदनिरपेक्ष’ ही नावे रुक्ष खरी, पण प्रामाणिक आहेत. या ग्रंथाचे खरे बळ ‘व्हर्टिफोलिया’ वाणावरून सांगितलेल्या परिणामात आहे : प्रबळ आर-जनुकांच्या आडोशाने निवड करीत गेल्यास दुसऱ्या प्रकारचा प्रतिकार दृष्टीआड होतो आणि नकळत झिजतो. दुर्बळ बाजू आहे ती आडव्या प्रतिकाराच्या व्याख्येत. ती नकारात्मक आहे. सर्व प्रभेदांची परीक्षा कोणासही घेता येत नाही. ‘सार्पो मिरा’ या वाणाच्या शेतातील दीर्घ टिकावामागे किमान पाच आर-जनुके असून ती रोगकारकाची निरनिराळी प्रथिने ओळखतात, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे ज्यास आडवा म्हटले असते त्याच्या तळाशी अनेक उभे निघाले.

२००३ मध्ये ‘सोलॅनम बल्बोकास्टॅनम’ या वन्य जातीतील एकाच जनुकाचा शोध दोन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिनच्या गटाने त्यास ‘आरबी’ म्हटले. वागेनिंगेनच्या गटाने ‘आरपीआय-बीएलबी-१’. पहिले नाव सुटसुटीत आहे, पण त्यात केवळ माहेर सांगितले आहे. दुसरे उच्चारास अवघड. मात्र ‘पीआय’ या अक्षरांत रोगकारकाचे नाव असल्याने समासात लोपलेली ‘कोणाचा’ ही षष्ठी तेथे शाबूत राहते. तेवढ्यानेही भागत नाही. हे जनुक रोगकारकाच्या ‘आयपीआय-ओ’ कुलातील प्रथिने ओळखते, परंतु त्या कुलातील चौथ्या क्रमांकाचे प्रथिन ओळख चुकविते.

भारतात ‘कुफरी ज्योती’ हा वाण १९६८ मध्ये प्रसृत झाला तो करप्यास दाद न देणारा म्हणून. पुढे त्याचा हा लौकिक ओसरला, आणि आरबी जनुक त्याच्यात आणण्याचे प्रयोग शिमला येथील संस्थेत झाले. मराठीत या वाणाविषयी लिहिताना आणखी एक अडचण उद्भवते. ‘करपा’ या एकाच शब्दाने मराठी शेतकरी लवकर येणारा व उशिरा येणारा असे दोन रोग संबोधितो. त्यांचे कारक जीव सर्वस्वी भिन्न आहेत, आणि वर उल्लेखिलेल्या जनुकांचा लवकर येणाऱ्या करप्याशी काहीएक संबंध नाही. ‘करपाप्रतिकारक’ असे वाचून बियाणे घेणारा फवारणी टाळील, आणि पिकावर दुसराच करपा पडेल. अशा वेळी त्याची फसगत शास्त्राने केली नसून समासाने केली, असेच म्हणावे लागते. याउलट ‘दाद न देणे’ या देशी वाक्प्रचारात ‘कशाला?’ हे चतुर्थीचे पद भरल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी संस्कृत कोशाकडे वळण्यापूर्वी या रचनेकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

अलीकडे प्रतिकाराचे जनुक घालण्याऐवजी वनस्पतीचेच एखादे जनुक निकामी करण्याकडे संशोधनाचा कल आहे. २०२१ मध्ये ‘डीएमआर-६’ या गटातील जनुक संपादित करून बटाट्याचा करपा मंदावल्याचे दाखविण्यात आले. अशा जनुकांना ‘रोगवश्यता जनुके’ म्हटले जाते. जुनाच दोष येथे उलट्या दिशेने शिरला आहे. डीएमआर-६ सॅलिसिलिक आम्लाचे प्रमाण आटोक्यात ठेवते. ते वनस्पतीच्या संसारातले काम आहे, रोगाला दार उघडून देण्यासाठी ते निर्माण झालेले नाही. या वर्गातील काही जनुके बंद केली असता रोपे खुरटतात वा पाने अकाली वाळतात. ‘वश्यता’ हे नाव वाचणाऱ्यास तो अनपेक्षित दुष्परिणाम वाटतो. जनुकाचे मूळ कार्य नावात असते तर तोच परिणाम प्रथम अपेक्षिला गेला असता.