गणिताचे पुस्तक पुरेसे का नाही? : जॉर्ज फोर्साइथ यांच्या लेखाचे समीक्षण

प्रस्तावना :
जॉर्ज फोर्साइथ यांचा 'पिटफॉल्स इन कॉम्प्युटेशन, ऑर व्हाय अ मॅथ बुक इझन्ट इनफ' हा लेख १९७० मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ साली स्थापन झालेल्या संगणकशास्त्र विभागाचे ते संस्थापक. गणितज्ञ म्हणून घडलेल्या या अध्यापकाने गणिताच्याच अध्यापकांपुढे मांडलेला हा युक्तिवाद पदव्युत्तर अध्यापनाच्या दृष्टीने आजही तपासून पाहण्याजोगा आहे.

विवेचन :
फोर्साइथ यांचे प्रतिपादन असे की, पुस्तकातील सूत्र निर्दोष असले तरी मर्यादित अंकांनिशी चालणाऱ्या संगणकावर ते चुकीचे उत्तर देऊ शकते. ई या स्थिरांकाचा उणे ५.५ वा घात अनंत श्रेणीने काढण्याचे त्यांचे उदाहरण बोलके आहे. ही श्रेणी अभिसारी आहे, हे पदवीचा विद्यार्थीही सिद्ध करतो. परंतु पाच सार्थ अंक ठेवून बेरीज केली असता उत्तर ०.००२६३६३ येते, खरे मूल्य ०.००४०८६८ आहे. श्रेणीतील सर्वांत मोठे पद सुमारे ४२ असल्याने अशा पदांतून गळालेले अंकच अंतिम उत्तराच्या तोडीचे ठरतात. धन घाताची श्रेणी घेऊन तिचा व्यस्त काढला की ही अडचण दूर होते. म्हणजे दोष प्रमेयाचा नसून पद्धतीच्या निवडीचा आहे.

मर्यादा :
पुस्तक पुरेसे नाही, हे लेखक पटवून देतात. मग पुरेसे काय, हे मात्र लेखातून पुरेसे उलगडत नाही. ते उत्तर त्यांच्या मार्गदर्शनात शोधावे लागते. क्लीव्ह मोलर यांनी १९६५ मध्ये त्यांच्याकडे पीएच.डी. पूर्ण केली. १९६७ मध्ये दोघांनी रेषीय समीकरणांच्या संगणकीय उकलीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात प्रत्यक्ष प्रोग्रामही दिले. पुढे मोलर यांनीच मॅटलॅब घडवले. सिद्धांत, प्रोग्राम आणि उत्तराची पडताळणी यांचा असा एकत्र संस्कार हेच खरे प्रशिक्षण होय.

लेखातील काही भाग कालबाह्य झाला आहे. १९८५ च्या आयईईई मानकामुळे यंत्रागणिक बदलणारे अंकगणित बरेचसे एकसारखे झाले. मूळ धोका मात्र टळलेला नाही. १९९१ मध्ये धहरान येथे पेट्रियट प्रणाली सुमारे शंभर तास सलग चालू होती. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येत नसल्याने तिच्या कालगणनेत सुमारे ०.३४ सेकंदाची चूक साचली. येणारे क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले.

समारोप :
आपल्याकडील संख्यात्मक विश्लेषणाच्या प्रश्नपत्रिकेत सूत्रात किमती घालून ठरावीक दशांश स्थळांपर्यंत उत्तर मागितले जाते. त्यांपैकी किती अंक विश्वासार्ह आहेत, हे क्वचितच विचारले जाते. हा एक प्रश्न प्रश्नपत्रिकेत आणि पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेत नियमाने विचारला जावा. त्यासाठी नव्या प्रयोगशाळेची गरज नाही. अध्यापकाने स्वतः ती गणना एकदा करून पाहिलेली असणे मात्र आवश्यक आहे.