तगर-विचार व संशोधनांतील सचोटी

धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठचें तेर हेंच पेरिप्लसकारानें वर्णिलेलें तगर, हा निर्णय आतां सर्वमान्य झाला आहे. तो कसा झाला व त्यानंतर तेरविषयीं काय काय लिहिलें गेलें, हें तपासण्याचें कारण असें कीं, संशोधकांच्या सचोटीविषयीं अलीकडे जी चर्चा चालते तींत नियम पुष्कळ व उदाहरणें थोडीं असतात. तेरच्या अभ्यासांत अनुकरणीय आणि त्याज्य अशीं दोन्ही उदाहरणें एकाच पांढरीवर सांपडतात.

भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें पेरिप्लसांत सांगितलें असून, तेथून गाड्यांवर लादून भडोचेस जाणाऱ्या कापडाचाहि त्यांत उल्लेख आहे. शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. इतकें असूनहि गांव कोणतें हें ठरेना. विल्फर्डनें देवगिरीकडे बोट दाखविलें, पंडित भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर सुचविलें, डॉ. रा. गो. भांडारकरांनीं धारूर. अखेर १९०१ सालीं फ्लीटनें तेर ठरविलें व कझिन्सनें प्रत्यक्ष स्थळ पाहून तेथील देवळांचें व टेकाडांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या वादांत कोणाचीहि अप्रतिष्ठा झाली नाहीं. भांडारकरांचा तर्क चुकला, परंतु प्रमाण झांकून ठेवून ते चुकले नाहींत. म्हणूनच त्यांची चूक दुसऱ्यास दुरुस्त करतां आली. योगायोग असा कीं, त्याच १९०१ सालीं फ्लीटनें ‘इंडियन अँटिक्वरी’ मध्यें बनावट ताम्रपट-शिलालेखांची यादीहि छापली. जो हात एक स्थळ निश्चित करीत होता, तोच कित्येक दानपत्रें बाद करीत होता.

पुढची हकीकत इतकी समाधानकारक नाहीं. तेरच्या त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे. आंध्रांतील चेझर्ला येथील कपोतेश्वराचें देऊळहि त्याच घडणीचें. ह्यावरून तेरचें देऊळ मूळचें बौद्ध चैत्यगृह असावें, असें अनुमान कझिन्सनें केलें. अनुमान विचारार्ह आहे. परंतु मागून लिहिणाऱ्यांनीं ‘असावें’ चें ‘आहे’ केलें, आणि त्यांच्याहि मागून आलेल्यांनीं शतक नक्की करून टाकलें. बखरींच्या नकला ताडून पाहणाऱ्यास हा प्रकार नवा नाहीं. नकलकार जेथें अडखळतो तेथें बहुधा सोपा पाठ पत्करतो. भेद इतकाच कीं, नकलकारास आपण अज्ञ म्हणतों आणि ग्रंथकारास पदवी देतों.

हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या बाबतींत तर ‘असावें’ देखील उरलें नाहीं. पाँपेई येथें १९३८ सालीं भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ति निघाली. इ. स. ७९ मध्यें तें नगर ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, तेव्हां मूर्ति त्यापूर्वीची हें निःसंशय. तिच्याशीं साम्य असलेली मूर्ति तेरच्या लामतुरे-संग्रहांत आहे व भोकरदनच्या उत्खननांतहि तशा धर्तीचें हस्तिदंती काम मिळालें आहे. ह्यांवरून संबंध सुचतो, ह्याबद्दल वाद नाहीं. परंतु ‘पाँपेईची लक्ष्मी तेरच्या कारागिरानें घडविली’ अशीं जीं विधानें वाचावयास मिळतात, त्यांना आधार कोणता? पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर खोदलेलें आहे आणि ती लिपि वायव्य प्रांतांतली. ही अडचण सांगितल्यावांचून पुढें जाणें म्हणजे प्रतिपक्षाचा साक्षीदार दाराबाहेर बसविणें होय. ती मूर्ति लक्ष्मीची, हेंहि सर्वांस मान्य नाहीं. तिला यक्षी म्हणणारे पुष्कळ आहेत. शिवाय तेरची मूर्ति उत्खननाच्या थरांतून आलेली नव्हे. पाँपेईच्या साम्यावरून तिचा काळ ठरवावयाचा, आणि मग पाँपेईच्या काळीं तेर भरभराटीस होतें ह्याचा पुरावा म्हणून तीच पुढें करावयाची, हा उघड अन्योन्याश्रय दोष आहे.

येथें रामलिंगप्पा लामतुरे ह्यांना बोल लावण्याचा कृतघ्नपणा आमच्या हातून होणार नाहीं. पावसानें धुपून उघडें पडलेलें, शेतकऱ्याच्या नांगरास लागलेलें जर त्यांनीं जमविलें नसतें, तर तेरच्या मृण्मूर्ति, मणी, शंखाच्या बांगड्या कोठें पांगल्या असत्या कोण जाणे. आज त्यांच्या नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय तेरलाच उभें आहे, ही गोष्ट गांवोगांवच्या संग्राहकांस अभिमानास्पद आहे. आमचा आक्षेप संग्राहकावर नसून संग्रह वापरणाऱ्यावर आहे. १९५८ सालीं तेरला चापेकरांनीं उत्खनन केलें व त्याचा अहवाल १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या खंदकांतला मणी कोणत्या थरांत, कोणत्या खापरांच्या सोबतीनें निघाला, हें सांगतां येतें. वेंचून आणलेला मणी ह्याहून सुंदर असेल, पण तो ही साक्ष देऊं शकत नाहीं. दोघांना एकाच कोष्टकांत बसविणारा लेखक खोटें बोलत नाहीं, तरी वाचकाची फसगत करतो.

स्थळच खोटें सांगितल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. लुंबिनीच्या परिसरांत काम करणाऱ्या फ्यूररनें एका ब्रह्मी भिक्षूस बनावट बुद्धधातु पुरविले व १८९८ सालीं त्याला नोकरी सोडावी लागली. चंडीगडच्या विद्यापीठांतील व्ही. जे. गुप्ता ह्यांनीं हिमालयांतले म्हणून वर्णिलेले जीवाश्म भलत्याच ठिकाणचे असल्याचें जॉन टॅलेंट ह्यांनीं १९८९ सालीं दाखवून दिलें. जपानांत फुजिमुरा नांवाचा गृहस्थ आपणच पुरलेलीं दगडी हत्यारें आपणच उकरून काढतांना २००० सालीं एका वृत्तपत्राच्या छायाचित्रांत सांपडला. ह्यांना लबाड म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु तिघांच्याहि बाबतींत ‘हें कोठें मिळालें?’ ह्या प्रश्नाचें उत्तर फार काळ एकाच माणसाच्या तोंडून घेतलें जात होतें. गुप्तांच्या सहलेखकांनीं जीवाश्म ओळखून दिले व स्थळाबद्दल त्यांच्या शब्दावर विसंबले. दोष व्यवस्थेंत होता तो हा.

ह्यावर आपल्याकडे योजलेला उपाय कोणता? विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. पुढें चढत्या पायरीनें शिक्षा. साठ टक्क्यांच्या वर गेल्यास प्रबंधकाराची नोंदणी रद्द. त्यानंतर संशोधननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमहि पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांस सक्तीचा झाला. चोरीस आळा बसावा हें योग्यच आहे. परंतु यंत्र शब्द तोलतें. ‘असावें’ चें ‘आहे’ ज्यानें आपल्या स्वतःच्या शब्दांत केलें, तो ह्या तराजूंत शून्य टक्क्यांनीं निर्दोष ठरतो! तीस तासांचीं व्याख्यानें ऐकून ही खोड जाईल असें आम्हांस वाटत नाहीं. तेर हें गोरोबाकाकांचें गांव; मडकें कच्चें कीं पक्कें हें त्यांनीं थापटण्यानें ठोकून पाहिलें, अशी कथा आहे, प्रवचनानें पाहिलें अशी नाहीं.

प्रबंधाचा विषय मंजूर होण्यापूर्वीं विद्यार्थ्यास तेरसारख्या एखाद्या संग्रहांत बसवून शंभर वस्तूंची नोंद करावयास लावावें. कोणीं दिली, केव्हां, कोणत्या शेतांतून, हें कशावरून कळलें. आणि जेथें कळत नाहीं तेथें ‘अज्ञात’ असें स्वच्छ लिहावें. त्या नोंदी दुसऱ्या विद्यार्थ्यानें तपासाव्या. हें काम कंटाळवाणें आहे व त्यास आज गुण नाहींत. ते मिळाले पाहिजेत. उत्खननाचेंहि तसेंच. मागील अहवाल छापल्यावांचून त्याच अधिकाऱ्यास नवी परवानगी मिळूं नये. पुरातत्त्व खात्याकडे कित्येक अहवाल वर्षानुवर्षें रखडल्याबद्दल महालेखापरीक्षकांनीं २०१३ सालींच ताशेरे ओढले आहेत. न छापलेलें उत्खनन आणि चोरट्यानें केलेली खणती ह्यांत, पुढील अभ्यासकाच्या दृष्टीनें, फारसें अंतर राहत नाहीं. दोहोंतहि थर गेले ते गेलेच.

पोथ्या-दप्तरें बाळगणाऱ्या आमच्या वाचकांनीं हें पुराणवस्तुवाल्यांचें प्रकरण समजून सोडूं नये. जेधे शकावली टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, ती कारीच्या जेधे देशमुखांकडून आली हें सांगून. मूळ कोणाच्या घरचें हें ठाऊक असल्यानें तिची परीक्षा करतां आली, आणि पुढें शिवभारतानें शिवजन्माच्या शके १५५१ ह्या वर्षास दुजोरा दिला तेव्हां दोन साक्षी स्वतंत्र आहेत असें म्हणतां आलें. उलट आमचीच गोष्ट सांगतों. एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून आम्हीं एक पोथी घेतली. तिचें शेवटचें पान कापलेलें होतें. तें कोणीं कापलें व पोथी कोणत्या घरची, हें त्या वेळीं विचारावयास हवें होतें. भाव वाढेल ह्या भीतीनें आम्हीं विचारलें नाहीं. पुढें तींतील एक पाठ आम्हीं लेखांत दिला व पानाविषयीं अवाक्षरहि लिहिलें नाहीं. कोणीं हरकत घेतली नाहीं, कारण घेण्याजोगें कांहीं आम्हीं शिल्लकच ठेविलें नव्हतें. तो पाठ ह्यापुढें कोणीं आमच्या हवाल्यानें घेतल्यास, पोथीचें अंत्यपत्र कापलेलें असून तिचें मूळ घर अज्ञात आहे, एवढी नोंद त्याबरोबर अवश्य करावी.