फँटसीतला जादूगार आणि त्याच्या शेजारची माणसे

फँटसी कादंबरीत जादूचे नियम, जादूगारांची घराणी आणि विद्यापीठे यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. त्या जादूच्या शेजारी राहणारा नावाडी किंवा गुराखी जादूगाराला काय समजतो, हा प्रश्न मात्र बहुधा दोन ठरावीक चित्रांवर निकालात निघतो: गाव एक तर हात जोडून उभे असते, नाही तर मशाली घेऊन. प्रत्यक्ष इतिहासात ही दोन्ही गावे एकच होती. इतिहासकार कीथ थॉमस यांनी 1971 च्या ग्रंथात सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्लंडमधले जाणते वैदू आणि चेटूक यांचा शोध घेतला. हरवलेली वस्तू शोधायला, दुखणे उतरवायला लोक या जाणत्यांकडे जात, आणि चेटकाचे आरोपही त्याच लोकांतून उठत. भीक मागायला आलेल्या म्हातारीला हाकलून दिल्यावर घरात काही विपरीत घडले की संशय तिच्यावर जाई. गावचा भगत किंवा देवऋषी पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही. अंगारा घ्यायला त्याच्याकडे जायचे, आणि करणीची कुजबुजही त्याच्याच नावाने करायची.

गरज आणि धास्ती ही अशी एकाच उंबऱ्याआड नांदतात. फँटसीतले समाजचित्र खरे वाटते की नाही, हे बरेचसे या जोडीवर ठरते.

टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (1954-55) हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण त्यांचे जादूगार संख्येने पाचच आणि मुळात माणसेच नव्हेत. तरी एक तपशील मार्मिक आहे. त्यांपैकी गॅंडाल्फ हॉबिटांच्या शायरमध्ये आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे आणि रोहनच्या दरबारात अपशकुनी म्हणून बदनाम; तो खरोखर कोण आहे याचा पत्ता दोन्हीकडे नाही. रोलिंग यांनी तर प्रश्नच टाळला. हॅरी पॉटरच्या जगात जादू सामान्यांपासून कायद्याने लपवलेली असते आणि कोणी चुकून पाहिलीच तर त्याची स्मृती पुसली जाते. सोय उत्तम, पण त्यामुळे सामान्य माणूस हॅरीच्या मावशीच्या डर्स्ली कुटुंबासारखा विनोदापुरता उरतो.

अर्सुला ले ग्विन यांनी हे नाते सर्वांत बारकाईने पाहिले. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) मधला गेड हा गॉन्ट बेटावरच्या कासाराचा मुलगा, शेळ्या राखणारा. त्याची मावशी गावची चेटकीण आहे. तिच्याकडे सगळे जातात आणि तिला मोठे कोणीच मानत नाही. उलट रोक बेटावरच्या जादूविद्यालयात शिकलेला जादूगार म्हणजे प्रतिष्ठा. पुढे गेड लो टॉर्निंगच्या कोळ्यांकडे राहतो, कारण पेंडॉर बेटावरच्या ड्रॅगनांपासून त्यांना संरक्षण हवे आहे. तिथल्या होड्या बांधणाऱ्या पेचवरीशी त्याची मैत्री जमते. पेचवरीचे आजारी मूल मात्र गेडला वाचवता येत नाही. त्याला परत आणू पाहताना तो स्वतःच मरणाच्या दारात जातो. विद्येची मर्यादा इथे विद्यालयात नव्हे, शेजाऱ्याच्या घरात कळते. रोकच्या विद्यालयात स्त्रियांना प्रवेश नाही, ही उतरंड 1968 च्या कादंबरीने फारशी तपासली नव्हती. ‘तेहानू’त (1990) ले ग्विन यांनी तीच दुनिया चुलीपाशी बसून पाहिली: शक्ती गमावलेला गेड, शेतकऱ्याची विधवा टेनार आणि गावची चेटकीण मॉस. अनेक वाचकांना हे पुस्तक रुचले नाही. मालिकेतले सर्वांत धाडसी पुस्तक मात्र तेच.

टेरी प्रॅचेट यांनी हाच विषय हसत हसत मांडला. डिस्कवर्ल्डमधल्या लॅंकर राज्यातल्या चेटकिणी पैसे घेत नाहीत; लोक त्यांना जुने कपडे, खाण्याचे पदार्थ आणून देतात. ग्रॅनी वेदरवॅक्स बाळंतपणे करते, मरणाऱ्यापाशी बसते आणि मंत्रापेक्षा माणसाचे मन ओळखून अधिक काम साधते. तिचा दरारा आणि तिचा उपयोग वेगळे काढता येत नाहीत. आंख-मॉरपॉर्कमधल्या विद्यापीठातल्या जादूगारांबद्दल शहराची अपेक्षा याच्या उलट: त्यांनी भरपेट जेवावे आणि काहीही करू नये. या हसण्याखालचा काळोख ‘द वी फ्री मेन’मध्ये (2003) वर येतो. सरदाराचा मुलगा नाहीसा झाल्यावर एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीवर चेटकाचा आळ येतो, तिचे घर जाळले जाते आणि ती थंडीत मरते. तिला जादू येतच नव्हती. कादंबरीची नायिका टिफनी एकिंग चेटकीण व्हायचे ठरवते ते असे पुन्हा घडू नये म्हणून.

छळाचे चित्रण करणाऱ्या बहुतेक कादंबऱ्यांत एक खोट राहते. जादूगाराला अल्पसंख्याकाचे रूपक केले की गावाची भीती निव्वळ अडाणीपणा ठरते. प्रत्यक्षात शेजारी बोटाच्या इशाऱ्याने घर पेटवू शकत असेल तर भ्यायला कारण आहे. रॉबर्ट जॉर्डन यांनी ते मान्य केले. ‘द आय ऑफ द वर्ल्ड’मध्ये (1990) ऐस सेदाई या जादू करणाऱ्या स्त्रिया खोटे न बोलण्याच्या शपथेने बांधलेल्या आहेत, तरी त्यांचे सत्य आपल्याला वाटते ते नसेल अशी शंका खेडूत घेतात, आणि ती रास्त आहे. एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये (2015) भूकंप शमवणाऱ्या ओरोजीनांच्या हातून अजाणताही माणसे मरू शकतात. त्यांच्यावाचून वस्त्या टिकत नाहीत आणि वस्त्यांना ते नकोत. एक बाप स्वतःच्या चिमुकल्या मुलाला केवळ या शक्तीमुळे मारतो, आणि कादंबरी त्याच्या भीतीला कारण देते, क्षमा देत नाही.

सुझॅना क्लार्क यांच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ने (2004) यात वर्गभेद आणला. त्यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये सभ्य गृहस्थाने जादूचा अभ्यास करावा, ती करू नये; रस्त्यावरच्या जादूगाराला नॉरेल शहराबाहेर घालवतो. मंत्र्यांना जादू हवी आहे ती नेपोलियनविरुद्धच्या युद्धात. त्यांची मर्जी मिळवायला नॉरेल परीलोकाशी सौदा करतो; त्याची किंमत भरतात मंत्र्याची पत्नी लेडी पोल आणि तिच्या घरचा कृष्णवर्णीय बटलर स्टीफन ब्लॅक, जे रोज रात्री परीलोकात नाचायला ओढले जातात. त्यांनी हे सांगू पाहिले तर तोंडून असंबद्ध गोष्टी निघतात, आणि मालक मंडळींना त्यात वेडापलीकडे काही दिसत नाही.