शेजार आणि संबंध

एका चौकोनी कागदावर काळे ठिपके टाकावे आणि त्यास प्रथिनाचा नकाशा म्हणावें, ही कल्पना प्रथम कानीं आली तेव्हां प्रस्तुत लेखकास ती थट्टेचीच वाटली. आमच्या महाविद्यालयांतील जीवरसायनाच्या एका तरुण अध्यापकांनीं असा एक कागद माझ्यापुढें ठेविला आणि म्हटलें, “सर, आपण जन्मभर लोकांच्या कवितांचे अर्थ लावीत आलां, आतां ह्याचा लावून दाखवा.” मला तो लावतां आला नाहीं. पुढें त्यांच्याच साह्यानें ह्या विषयावरील कांहीं मूळ निबंध वाचले, आणि असें दिसून आलें कीं, येथेंहि एक वाचनपद्धति आहे, तिचीं गृहीतकृत्यें आहेत, तिचे गुण आहेत आणि तिच्या खोडीहि आहेत. ज्या वस्तूला वाचनपद्धति आहे ती टीकेचा विषय होऊं शकते. सबब हा लेख.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. मणी वीस जातींचे. माळेंत ओवले जातांना प्रत्येक मण्याचा थोडा अंश पाण्याच्या रूपानें गळून जातो व जो उरतो त्यास ‘अवशेष’ असें नांव आहे. ही माळ सरळ राहत नाहीं. ती स्वतःभोंवतीं वळते, दुमडते, आणि त्या दुमडण्यांत दहावा मणी नव्वदाव्याच्या कुशींत जाऊन बसतो. कोणता अवशेष कोणाच्या शेजारीं आला ह्याची नोंद म्हणजे स्पर्शांचें विश्लेषण. नोंद चौकोनांत करावयाची: उभ्या बाजूस माळेंतील अनुक्रम, आडव्या बाजूसहि तोच, जे दोन अवशेष जवळ आले त्यांच्या छेदावर एक ठिपका. माळ मळसूत्रासारखी पिळली असेल तर कर्णालगत जाड पट्टा उमटतो. दोन पदर उलट दिशांनीं एकमेकांशेजारीं धांवत असतील तर कर्णाला आडवी जाणारी रेघ दिसते. माणसाच्या हिमोग्लोबिनांत चार माळा मिळून 574 अवशेष आहेत, म्हणजे संभाव्य जोड्या 1,64,451. एवढ्या पसाऱ्यांतून शेजार तेवढा निवडून एका कागदावर मांडणें ही कांहीं लहान सोय नव्हे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे.

पण ‘जवळ’ म्हणजे किती जवळ? येथें वादास प्रारंभ होतो. सर्वत्र रूढ असलेला एक संकेत असा कीं, दोन अवशेषांच्या बीटा-कार्बन ह्या नांवाच्या अणूंमधील अंतर आठ अँगस्ट्रॉमहून कमी असेल तर स्पर्श मानावा. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. दुसरे अभ्यासक हायड्रोजन वगळून कोणतेहि दोन अणू साडेचार किंवा पांच अँगस्ट्रॉमच्या आंत आले म्हणजे स्पर्श धरतात. पहिल्या संकेतानें, ज्या दोन अवशेषांचे हात परस्परविरुद्ध दिशांस वळले आहेत, जे एकमेकांस शिवतहि नाहींत, तेसुद्धां ‘स्पर्शी’ ठरूं शकतात. उलट आर्जिनिन आणि ग्लुटामिक आम्ल ह्यांसारखे लांब हातांचे अवशेष दुरून हस्तांदोलन करीत असतां वगळले जाऊं शकतात. चाळींत राहिलेल्या माणसास हा अनुभव नवा नाहीं. भिंतीला भिंत लागून असलेल्या बिऱ्हाडांत वर्षानुवर्षें बोलणें नसतें, आणि चवथ्या जिन्यावरच्या बिऱ्हाडाशीं ताटांची देवघेव चालते. आठाचा आंकडा निसर्गानें दिलेला नाहीं. तो वाचकानें घातलेला आहे. तो घालूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र आठाचे साडेआठ केल्यास निष्कर्ष कोसळत असेल तर तो निष्कर्ष प्रथिनाचा नसून आंकड्याचा आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

दुसरी उणीव अधिक मौजेची आहे. हा नकाशा उजवें-डावें ओळखत नाहीं. कोणत्याहि प्रथिनाची आरशांतील प्रतिमा घेतली तर तींतील सर्व अंतरें तींच राहतात, म्हणून स्पर्शहि तेच आणि ठिपकेहि तेच. आणि निसर्गांत तर उजव्या पिळाचें मळसूत्र सर्वत्र आढळतें, डाव्या पिळाचें क्वचित्. प्रथिनशास्त्राच्या पहिल्या धड्यांतली ही गोष्ट ज्या नकाशांत उतरत नाहीं, त्यास प्रथिनाचें चित्र म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें हें बरें.

ह्या संकेतांच्या गर्दींत एक जुना निबंध मला विशेष आदरणीय वाटला. 1963 सालीं मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन ह्यांनीं प्रश्न उलटा केला. कोण कोणाजवळ आहे हें न विचारतां, कोणाला कोणाजवळ येतांच येणार नाहीं, असें त्यांनीं विचारलें. अणूंना टणक गोळे मानून त्यांनीं प्रत्येक जोडीच्या किमान अंतराचें कोष्टक केलें आणि माळेच्या दोन कोनांचा जो नकाशा काढिला, त्यांतील बहुतेक प्रदेश निषिद्ध ठरला. पुढें हजारों प्रथिनांचीं रूपें उलगडलीं, आणि त्यांतील बहुसंख्य अवशेष त्या अनुज्ञात प्रदेशांतच सांपडले. मला त्यांतील एक लहानसा तपशील मोठा वाटतो: त्यांनीं मर्यादा एक न ठेवतां दोन ठेवल्या. दोन कार्बन अणूंमध्यें सामान्यतः 3.20, आणि फारच झालें तर 3.00 अँगस्ट्रॉम. आपल्या रेघेची जाडी किती आहे हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्या रेघेवर विश्वास ठेवावा.

आतां ज्या निबंधामुळें हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. मॅक्स पेरुत्झ हे 1936 सालीं व्हिएन्नाहून केंब्रिजला आले, दुसऱ्या वर्षीं हिमोग्लोबिनाच्या मागें लागले आणि त्याचें स्थूल रूप हातीं येण्यास 1959 साल उजाडलें. 1962 चें नोबेल पारितोषिक त्यांस व जॉन केंड्र्यू ह्यांस मिळालें. पण त्यांची खरी बुद्धि दिसते ती 1970 सालच्या निबंधांत. प्रश्न असा होता: हिमोग्लोबिनांतील चार लोह-अणू एकमेकांपासून पंचवीस अँगस्ट्रॉमच्या आसपास किंवा त्याहूनहि दूर आहेत. त्यांच्यांत स्पर्शाची गोष्टच नाहीं. तरी एकानें प्राणवायु धरिला कीं बाकीच्यांची प्राणवायु धरण्याची ओढ वाढते. ही बातमी पोंचते कशी? पेरुत्झांनीं ती स्पर्शास्पर्शानें पोंचवून दाखविली. प्राणवायु मिळतांच लोह किंचित् सरकतो. त्यास चिकटलेला हिस्टिडिन ओढला जातो. त्याबरोबर मळसूत्राचा एक तुकडा हलतो. माळांच्या जोड्या एकमेकींवर फिरतात. आणि माळांच्या टोकांशीं विरुद्ध विद्युद्भारांचे जे बंध प्राणवायुरहित स्थितींत घट्ट असतात, ते एकामागून एक तुटतात. बीटा माळेचा शेवटचा, 146 वा हिस्टिडिन एका हातानें स्वतःच्या माळेंतील 94 व्या ॲस्पार्टिक आम्लास आणि दुसऱ्या हातानें अल्फा माळेंतील 40 व्या लायसिनास धरून असतो. तो हात सोडतो.

ही नुसती यादी नव्हे. यादी करणारा म्हणतो, अमुक अमुकाच्या जवळ आहे. पेरुत्झ म्हणतात, अमुक अमुकास धरून आहे, आणि सोडलें तर असें होईल. त्याचा पडताळाहि हातीं होता: विकरांच्या साह्यानें माळांच्या टोकांचे अवशेष छाटून टाकले असतां चौघांमधील तें सहकार्य बहुतांशीं नष्ट होतें. एकेका बंधाचा वांटा किती, ह्यावर पुढें पुष्कळ वाद झाला व कांहीं तपशील आज तसे कोणी मांडणार नाहीं. तथापि चुकूं शकेल असें विधान करण्याचें धैर्य त्या निबंधांत आहे. चौकोनांतील ठिपका चुकूं शकत नाहीं, कारण तो कांहीं म्हणतच नाहीं.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. विदर्भांत, गडचिरोलींत, मेळघाटांत किंवा नंदुरबारकडे ज्यानें काम केलें आहे त्यास ‘सिकल सेल’ हें नांव समजावून सांगावें लागत नाहीं. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं 1949 सालीं ह्या व्याधीचें मूळ हिमोग्लोबिनाच्या रेणूंतच आहे असें दाखविलें. व्हर्नन इंग्रॅम ह्यांनीं 1957 पावेतों तें एका अवशेषावर आणून ठेविलें. बीटा माळेंतील सहावें ग्लुटामिक आम्ल जाऊन तेथें व्हॅलिन येतें. आतां निरोगी हिमोग्लोबिनाचा स्पर्श-नकाशा घ्या आणि ज्याचे शेजारी अधिक तो अवशेष महत्त्वाचा, ह्या प्रचलित कसोटीनें सहाव्याची प्रत लावा. तो पृष्ठभागावर, पाण्याकडे तोंड करून बसलेला. गाभ्यांतील अवशेषांच्या मानानें त्याचे शेजारी थोडे. कसोटी त्यास खालच्या पंक्तींत बसवील. आणि त्याच जागीं आलेला व्हॅलिन प्राणवायु सुटतांच दुसऱ्या रेणूच्या बीटा माळेंतील 85 वा फेनिलॅलनिन व 88 वा ल्युसिन ह्यांमधील खोबणींत जाऊन बसतो. रेणूस रेणू लागून दोर वळले जातात, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वांकते. जो स्पर्श घात करितो तो एका रेणूच्या नकाशावर उमटणारच नाहीं, कारण दुसरा पक्ष कागदाबाहेर आहे.

ह्या पद्धतीचा मोठा विजय मात्र अलीकडचा आहे आणि तो मोकळेपणानें मान्य करावयास हवा. निरनिराळ्या प्राण्यांतील एकाच प्रथिनाच्या माळा शेजारीं ठेवल्या असतां, एका जागीं बदल झाला कीं दुसऱ्या एका जागींहि बदल होतो असें दिसतें. ह्यावरून त्या दोन जागा परस्परांस स्पर्श करीत असाव्या, हें अनुमान 1994 च्या सुमारास मांडलें गेलें. प्रारंभीं तें फार फसत असे, कारण ‘अ’ ‘ब’शीं आणि ‘ब’ ‘क’शीं जोडलेला असला म्हणजे ‘अ’-‘क’ हेंहि नातें असल्यासारखें भासतें. पुढें ही उसनी नातीं वेगळीं काढण्याची गणितें निघालीं. 2018 सालीं ‘अल्फाफोल्ड’नें याच वाटेनें बाजी मारिली, पण लक्षांत घेण्यासारखें हें कीं, त्यानें ‘स्पर्श आहे किंवा नाहीं’ हा प्रश्न सोडून ‘अंतर किती असण्याचा संभव किती’ असें विचारलें. ठिपक्याचा खरा टीकाकार अशा रीतीनें त्याच घरांतून निघाला. 2020 ची त्याची आवृत्ति त्याहून पुढें गेली, आणि 2024 सालीं डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस व जॉन जंपर ह्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच 2024 सालीं दुसरीहि एक घटना घडली, तिची वाच्यता आमच्याकडे फारशी झाली नाहीं. हिमोग्लोबिनाच्या अल्फा माळेच्या आरंभींच्या टोकास चिकटून रेणूस प्राणवायुयुक्त रूपांतच टिकवून धरणारें ‘व्हॉक्सेलोटर’ नांवाचें औषध 2019 सालीं अमेरिकेंत मान्य झालें होतें. स्पर्शांच्या ज्ञानावर उभारलेलें तें औषध, आणि रक्तांतील हिमोग्लोबिन त्यानें वाढतहि असे. तें उत्पादकांनीं सप्टेंबरांत जगभरच्या बाजारांतून मागें घेतलें. लाभापेक्षां धोका अधिक असें पुराव्यावरून दिसल्याचें त्यांनीं कळविलें. आमचे तरुण अध्यापक ही हकीकत सांगत असतां मीं त्यांचा तो चौकोनी कागद पुन्हां मागून घेतला आणि सहावी ओळ कोणती तें विचारलें. त्यांनीं नखानें दाखविली.