गृहपरिचर्या करणाऱ्या स्त्रियांची सुरक्षितता आणि २०१३ चा कायदा : एक चिकित्सा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा घरालाही कामाचे ठिकाण मानतो, ही त्याची जमेची बाजू होय. ज्या घटनेतून १९९७ चा विशाखा निकाल आला, तीतील भंवरीदेवीही कचेरीत बसणारी कर्मचारी नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. तथापि घराला कामाचे ठिकाण म्हणणे वेगळे आणि तेथे राबणाऱ्या स्त्रीला संरक्षण लाभणे वेगळे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथे मोठी रुग्णालये आहेत. रुग्णालयातून घरी परतलेल्या, अंथरुणास खिळलेल्या रुग्णाजवळ रात्रभर बसणाऱ्या स्त्रीला आपण 'मावशी' म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने ती कोण? कलम २ मधील 'घरकामगार' म्हणजे मोबदला घेऊन घरकाम करणारी स्त्री. रुग्णाची कूस बदलणे, त्याला स्नान घालणे हे घरकाम की परिचर्या, याविषयी व्याख्या मौन बाळगते. तिला घरकामगार मानले तरी कलम ११ नुसार, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास, स्थानिक समितीने तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची. कार्यालयातील स्त्रीला मिळणारी समितीची चौकशी आणि त्या काळातील रजेसारखा दिलासा तिच्या वाट्यास येत नाही. रोजी बुडेल या भयाने जी बोलतच नाही, तिला एकदम ठाण्याची पायरी दाखवणे हा प्रतिबंध म्हणता येईल काय?

शिवीगाळ व मारहाण तर या कायद्याच्या कक्षेतच नाही. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या कायद्याची रचनाही मुख्यतः रुग्णालयांभोवतीच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी उणीव 'मालक' या व्याख्येत आहे. एजन्सीमार्फत आलेली स्त्री 'घरकामगार' ठरते, पण घराच्या संदर्भात मालक म्हणजे ते कुटुंबच. म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारी बहुधा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्यावरच. कोणत्या घरातून बाया दोन दिवसांत काम सोडून येतात, हे कमिशन घेणाऱ्या ब्युरोला ठाऊक असू शकते. त्याच घरी तिसरी बाई पाठवताना मात्र त्याच्यावर काही बंधन नाही.

गांधीजींनी सेवाग्रामात कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची स्वहस्ते शुश्रूषा केली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ते स्वेच्छेने घेतलेले व्रत होते. पोटासाठी केलेल्या शुश्रूषेलाही 'सेवा' म्हटले की मजुरी, कामाचे तास आणि नकार देण्याचा हक्क हे प्रश्न विचारणेच अप्रशस्त वाटू लागते.

कलम ६ नुसार ग्रामीण भागात तालुकानिहाय नोडल अधिकारी नेमला जाणे अपेक्षित आहे. जिल्ह्यातील आठही तालुक्यांतील अशा अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ब्युरोने कामाच्या पत्त्यासोबतच मावशीच्या हाती द्यावा. त्यासाठी कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.